पांढरा बॉल कुठे थांबला ते बघ

परवा नाशिकच्या कॅनडा कॉर्नरच्या टपरीवर विषय पेटला तो पव्यामुळे. एका पूल पार्लरमध्ये, म्हणजे बिलियर्ड्ससारखे बॉल काठीने मारायच्या खेळाच्या अड्ड्यावर, तो पाचशे रुपये घालवून आला होता. समोरचा पोरगा पहिले दोन गेम हरला, "आज हातच चालत नाही राव" म्हणाला. मग पव्यानेच पैज वाढवली आणि पोराचा हात चालायला लागला.

"सरळ सरळ चारशेवीस," पव्या.

"ते कलम नव्या न्याय संहितेत आता ३१८ झालंय," वकील. "आणि पैज कोणी वाढवली? तू. १८८७ च्या जुगार कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे."

"कौशल्य लपवायला पण सूट आहे का?"

यावर वकील चहा ढवळत बसला. साखर कधीच विरघळली होती.

बंड्याचं अर्धं कॉलेज पूल टेबलाशी गेलंय, त्यामुळे पुढचं तोच बोलला. "तुम्हाला वाटतं सोंग म्हणजे मुद्दाम चुकणं. भलतीकडे मारलं तर कोणालाही कळेल. तयार गडी रंगीत बॉल पॉकेटच्या, म्हणजे टेबलाच्या भोकाच्या, तोंडाशी नेऊन अडकवतो, 'अर्रर्र' करतो आणि ज्याने बाकीचे बॉल मारायचे तो पांढरा बॉल असा कडेला चिकटवून ठेवतो की तुला मारायला काही उरत नाही. तू खूश, कारण तो चुकला. पण बॉल तुझाही जात नाही. शेवटी तो जिंकतो एका बॉलने. दर वेळी एकाच बॉलने! म्हणून रंगीत बॉल कुठे गेला ते सोड, पांढरा कुठे थांबला ते बघ. आणि क्यू, म्हणजे खेळायची काठी, टेकवायला टेबलावर ठेवतात तो पंजा बघ. नवख्याची बोटं हलतात. तोंडाने कितीही रड, तयार पंजा हलत नाही."

मग म्हणे, असं सोंग करून पैसे कमावणाऱ्यांचा दिवस बघायला हवा. दुपारी जाऊन बाकावर बसायचं, दुसऱ्यांचे गेम बघायचे, कोणाच्या खिशात पैसे आहेत आणि कोणाला हरल्याचा राग येतो ते हेरायचं. स्वतःहून पैजेचं नाव काढायचं नाही. काही दिवस तर नुसते बसण्यातच जातात. अमेरिकेत पैसे लावणारा माणूसच वेगळा असतो, त्याला स्टेकहॉर्स म्हणतात. हरलं तर पैसे त्याचे, जिंकलं तर वाटणी, बरेचदा निम्मी-निम्मी. आणि ओळखीचा खेळाडू सापडला तर खरी लढाई सूट ठरवताना. नाइन बॉल या पूलच्या प्रकारात जो ९ नंबरचा बॉल पॉकेटमध्ये घालतो त्याचा गेम. कच्च्या गड्याला "तुझा ८ गेला तरी गेम तुझा" अशी सवलत मिळते. ही घासाघीस ज्याला जमली तो क्यू हातात घेण्याआधीच पुढे.

"एफ्रेन रेयेस घ्या," बंड्या म्हणाला. फिलिपिन्सचा हा माणूस लहानपणी मनिलात नातेवाइकाच्या पूल हॉलमध्ये काम करायचा, झोपायचाही टेबलावर. १९८५ मध्ये अमेरिकेत खेळायला गेला तो सीझर मोरालेस या नावाने. नाव तिकडे पोचलं होतं, चेहरा पोचला नव्हता. पुढे १९९४ ला पूलचं यूएस ओपन जिंकला, १९९९ ला जगज्जेता झाला.

"म्हणजे जगज्जेत्याची सुरुवातही थापेनेच," पव्या.

"नाव खोटं होतं. शॉट खरे होते," वकिलाला पुन्हा जोर आला.

मला विचाराल तर यात फसवणुकीपेक्षा कंटाळाच जास्त आहे, आणि नाशिकमध्ये तर हा धंदा चालायचाच नाही. कॉलेज रोडला ज्याने कापलं तो आठवड्याभरात सिडकोच्या टेबलावर ओळखला जातो. कोणाचा तरी मावसभाऊ तिथे असतोच. चेहरा कळला की धंदा बसला. मग पुणे, मुंबई, सुरत. एसटीचं भाडं, राहणं, टेबलाचे तासाचे पैसे, आणि बकरा दाखवणाऱ्याचा वाटा. यातून उरतं काय? हे मी बोलून दाखवलं तर पव्या म्हणाला, "माझे पाचशे उरले ना त्याला."

शनिवारी तो परत जाणार आहे. बंड्याने पंजा बघायला यायचं कबूल केलंय.

"जिंकलास तर निम्मे माझे, स्टेकहॉर्स मी," वकील.

"चालेल. मग आत्ता पाचशे काढ."

वकिलाला दुसऱ्या दिवशी सकाळीच कोर्टात तारीख असल्याचं आठवलं.