धीट आहे म्हणून सोपा आहे? डे गेकोच्या त्या फॉरवर्डबद्दल

गेल्या काही दिवसांत तोच एक मेसेज मला चार-पाच जणांनी पाठवला, आणि प्रत्येकाचा खाली एकच प्रश्न, "खरंय का रे हे?" मेसेज थोडक्यात असा: पहिल्यांदाच सरपटणारा प्राणी पाळायचा तर छोट्या जातीचा डे गेको (दिवसा फिरणारी रंगीत पाल) घ्या, बोटाएवढा जीव, छोट्या डब्यात राहतो, धीट असतो म्हणून हातावर खेळवता येतो, दिवसा जागा असतो म्हणजे लाइटची भानगड नाही, खिडकीत ठेवा, दोन-तीन एकत्र ठेवा म्हणजे त्यांना करमतं, खायला केळं आणि मध, आणि जमलं तर निळाच घ्या कारण तोच सगळ्यात धीट.

आता यातलं "धीट असतो" एवढं शंभर टक्के खरं आहे, आणि गंमत म्हणजे बाकीचा सगळा गोंधळ त्या एका खऱ्या शब्दातूनच सुरू होतो.

आधी हा धीटपणा येतो कुठून ते बघू. बहुतेक गेको रात्रीचे, दिवसा फटीत दडून बसणारे. डे गेको, म्हणजे मुख्यतः मादागास्कर आणि हिंदी महासागरातल्या बेटांवरचे फेल्सुमा (आपल्या अंदमानातही त्यांचा एक भाऊबंद आहे) आणि आफ्रिकेतले चिमुकले लायगोडॅक्टिलस, हे उजेडात फिरतात, डोळ्याची बाहुली गोल, रंग त्यांना चांगले ओळखता येतात, फुलातला मध चाटतात, हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीकडे मान वळवून बघतात. मॉरिशसमध्ये तर काही फुलांचं परागीभवनच हे गेको करतात. गोल्ड डस्ट डे गेको, फेल्सुमा लॅटिकॉडा, माणसांनी हवाईत नेला आणि तिथे तो आता घराघरात टेबलावर येऊन जॅम चाटतो. असा प्राणी तुमच्याकडे बघून पळत नाही हे खरं, पण तो तुमच्यासाठी नाही थांबलेला, तुमच्या हातातल्या चमच्यासाठी थांबलाय!

म्हणून "हातावर खेळवता येतो" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. फेल्सुमाची कातडी फार नाजूक असते आणि ती तशी असण्यात त्याचा फायदा आहे, पक्ष्याने पकडलं तर कातडीचा तुकडा चोचीत सोडून हा निसटतो. तुमची बोटं आणि पक्ष्याची चोच यातला फरक त्याला कळत नाही. घट्ट धरलात तर कातडी फाटते, शेपूट तुटते ती वेगळीच. जखम बहुतेक वेळा भरते पण डाग राहू शकतो, इन्फेक्शनही होऊ शकतं, आणि मुख्य म्हणजे त्यानंतर तो धीट राहत नाही, तुम्ही समोर आलात की पानामागे. म्हणजे ज्या गुणासाठी घेतला तोच तुम्ही हाताळून घालवलात. स्वतःहून बोटावर चढून मध चाटून गेला तर जाऊ द्या, मस्त वाटतं, माझा लॅटिकॉडा रोज करतो. मी त्याला पकडत नाही एवढंच.

निवडताना धीटपणा बघायचा कसा यावर मेसेजमध्ये अक्षर नाही, आणि नवखे लोक नेमके इथेच फसतात. काचेसमोर शांत उभं राहा, बोट हळू फिरवा. चांगला गेको क्षणभर आड होईल आणि मग डोकं बाहेर काढून बघेल, बोटाबरोबर मान फिरवेल, चिमट्यातला किडा दिसला की पुढे येईल. पण जो खाली मातीवर उघड्यावर बसून आहे, जवळ गेलात तरी हलत नाही, रंग मळकट, डोळे आत गेलेले, कंबरेची हाडं दिसतायत, त्याला विकणारा "फार शांत आहे हो, एकदम पाळीव" म्हणेल. तो शांत नाही, आजारी आहे. शक्यतो समोर खाऊ घालायला सांगा. नाही म्हणाले तर निघा.

"छोट्या डब्यात राहतो." राहतो म्हणजे मरेपर्यंत राहतो, त्या अर्थाने बरोबर. डबा जितका छोटा तितका तो पटकन तापतो आणि पटकन सुकतो, आणि या प्राण्याला तर एका टोकाला ३० अंशाच्या आसपास गरम जागा आणि दुसरीकडे गारवा असं दोन्ही लागतं, कुठे बसायचं ते त्याचं तो ठरवतो. फेल्सुमा क्लेमेरी (पिवळ्या डोक्याची छोटी जात) किंवा लायगोडॅक्टिलसला कमीत कमी ३० बाय ३० आणि उंची ४५ सेंटिमीटर, लॅटिकॉडाला त्याहून मोठं, आणि उभं, आडवं नाही. आत बांबू, पानं, रोज फवारा, कारण हे बहुधा भांड्यातलं नाही, पानावरचे थेंब चाटून पाणी पितात. एक उलटी गोष्टही सांगतो, जागा भरपूर आणि झाडोरा दाट असला की गेको जास्त दिसतो. लपायची जागा दोन उड्यांवर आहे हे माहीत असलेला प्राणीच बाहेर येऊन बसतो.

खिडकीचा सल्ला मात्र धोकादायक आहे. काचेतून उजेड येतो, ऊन येतं, पण यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) जवळजवळ सगळं अडतं, आणि दिवसा फिरणाऱ्या गेकोला त्याचीच तर गरज असते, त्यावर त्याच्या अंगात डी३ जीवनसत्त्व बनतं आणि डी३ असेल तर खाल्लेलं कॅल्शियम लागू पडतं. शिवाय उन्हातली काचेची पेटी म्हणजे भट्टी, थोड्या वेळात आतला जीव जातो. म्हणजे मेसेजचं लॉजिक बरोब्बर उलटं आहे, दिवसाचा प्राणी आहे म्हणूनच लाइट लागतो! यूव्हीबी ट्यूब नसेल तर हळूहळू जबडा मऊ पडतो, शेपटीला बाक येतो, पाय वाकतात आणि काचेवर चढणारा प्राणी चढेनासा होतो. अंडी देणाऱ्या माद्यांचं तर आणखी नाजूक, मानेच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या कॅल्शियमच्या थैल्या असतात, धडधाकट मादीत त्या फुगलेल्या दिसतात (नवीन लोक गाठ समजून घाबरतात), आणि लागोपाठ अंडी दिली की रिकाम्या होतात.

केळं-मधाबद्दल फार लिहीत नाही. केळ्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त, म्हणजे हाडांना उलट तोटाच, हे एवढं पुरे. गेकोंसाठी तयार पावडर मिळते ती पाण्यात कालवून द्या, आणि कॅल्शियम लावलेले बारीक किडे, दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नकोत.

"दोन-तीन एकत्र ठेवा." इथे मी स्वतः आपटलोय. सुरुवातीला मला लॅटिकॉडाची "जोडी" म्हणून विकली, घरी आणली, दोन दिवस गोडीगुलाबी, तिसऱ्या दिवशी एकाची शेपूट पेटीच्या तळाला वळवळत होती. मांडीखाली बघायचं मला तेव्हा माहीतच नव्हतं, वयात आलेल्या नराच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला ठिपक्यांसारखी छिद्रांची ओळ दिसते, माझ्या दोघांनाही होती. आणि नर-मादी असले तरी पटेलच असं नाही, मादी-मादीही भांडतात. करमतं वगैरे काही नाही, एकटा गेको मजेत असतो. फेल्सुमा क्लेमेरी त्यातल्या त्यात सोशिक, त्यांची जोडी मोठ्या पेटीत जमते, तरी लक्ष ठेवावंच लागतं.

आता निळा. लायगोडॅक्टिलस विल्यम्सी, टांझानियातल्या किंबोझा जंगलात आणि आसपासच्या काही तुकड्यांतच सापडतो, केवड्याच्या जातकुळीतल्या एका झाडावर राहतो, आणि हे गेको पकडायला ती झाडंच तोडली जायची. २००४ ते २००९ या काळात पकडणाऱ्यांच्या एकाच गटाने ३० हजारांच्या वर नेले असा अंदाज आहे. आज तो नष्ट होण्याच्या उंबरठ्यावरचा प्राणी आहे आणि २०१७ पासून साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे जंगलातून पकडलेल्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. मेसेज लिहिणाऱ्याला यातलं काही माहीत नसावं असं मी समजून चालतो. शिवाय निळा असतो तो वयात आलेला नर, मादी हिरवट-तपकिरी, आणि दबून राहिलेला नरही हिरवटच. "तोच सगळ्यात धीट" हेही मला पटत नाही, घाबरला की तो काळपट पडतो आणि दिसेनासा होतो. फेल्सुमासुद्धा अख्खा वंश साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, तेव्हा कुठलाही घ्या, पेटीत जन्मलेला आहे याचे कागद मागा आणि तुमच्याकडचा कायदा आधी बघा.

मग घ्यायचा कोणता? चिमट्यावरून खाणारा, तुम्हाला ओळखल्यासारखा बघणारा हवा असेल तर एकटा लॅटिकॉडा, १० ते १३ सेंटिमीटर, अंगाने दणकट, स्वभावाने गुंड. रंग आणि दिवसभराची धावपळ बघायची असेल तर क्लेमेरी, पिवळं डोकं, निळी पाठ, १० सेंटिमीटरच्या आत, आणि बांबूच्या चिरेत शिरता येईल इतका चपटा. लायगोडॅक्टिलस किमहॉवेली मला सगळ्यात आवडतो, पण पहिल्याच खेपेला नको, त्याला खायला न उडणाऱ्या फळमाश्या घरी सतत वाढवत राहाव्या लागतात आणि त्याची पिल्लं एवढीशी असतात की काचेच्या दोन दारांमधल्या फटीतून सरळ चालत बाहेर येतात. माझं एक आलं होतं, दुसऱ्या दिवशी पडद्यावर सापडलं, ऊन खात बसलेलं.