वकीलबाईंनी सातबारा मागितला तेव्हा

आमचा दादा सांगोला तालुक्यात विकास सोसायटीचा गटसचिव होता. आयुष्यभर वसुलीसाठी लोकांच्या दारात उभा राहिलेला माणूस. त्यामुळे साध्या माणसालाही कायद्यानं दिवाळं जाहीर करायची सोय हवी, असं मी म्हटलं की तो भडकतो. त्याचं म्हणणं असं: 2008 ला केंद्राची कर्जमाफी आली, 2017 ला राज्याची, 2019 ला पुन्हा राज्याची, आणि दर वेळी वेळेवर फेडणारा हिरमुसला. आता क्रेडिट कार्डवाल्यांनाही वाट करून दिली, की फेडायचं कुणी?

मी त्याच्याशी न्यू जर्सीतून वाद घालतो. 2018 साली मी आणि बायकोनं इथे चॅप्टर 7 खाली, म्हणजे हप्ते न लावता बहुतेक कर्ज पुसून टाकणाऱ्या कायद्याच्या भागाखाली, दिवाळखोरीचा अर्ज केला, हे घरात फार थोड्यांना माहीत होतं. आता लिहितोय, कारण त्या अनुभवाशिवाय माझं मत अर्धवट राहतं.

नोकरी गेली, तिच्याबरोबर विमा गेला, आणि त्याच काळात बायकोची शस्त्रक्रिया करावी लागली. दहा महिने घर कार्डांवर चाललं. मग मी तेच केलं जे आपल्यातला कुणीही करेल. आधी नातेवाइकांचे पैसे दिले. ह्यूस्टनच्या मावसभावाकडून घेतलेले 6,000 डॉलर शेवटच्या बचतीतून परत केले. त्यानंतर कर्ज ‘तडजोडीनं मिटवून देणाऱ्या’ एका कंपनीकडे सात महिने पैसे भरले. त्यांनी सांगितलं म्हणून कार्डांचे हप्ते थांबवले आणि दोन बँकांनी कोर्टात दावे लावले.

वकील गाठला तोही आधी चुकीचा. जाहिरात सगळीकडे दिसायची, म्हणून गेलो. वकिलांची भेट झालीच नाही. एका मदतनीस मुलीनं दहा मिनिटांत पगार आणि कार्डांचे आकडे लिहून घेतले आणि करारावर सही मागितली. भारताबद्दल एक प्रश्न नाही. ओळखीचे एकजण म्हणाले, “बरंच झालं. विचारलं नाही तर सांगायचं नाही. गावची जमीन भावाच्या नावे हक्कसोड करून टाक, मग अर्ज कर.” त्यांनी हे प्रेमापोटी सांगितलं होतं आणि मी तसं करणारही होतो.

दुसऱ्या वकीलबाईंनी पहिल्या भेटीत दीड तास प्रश्नच विचारले. आईबरोबर जोडखातं आहे का? पीपीएफ? लॉकरमध्ये सोनं, मग तो लॉकर सोलापुरात का असेना? वडिलोपार्जित जमीन? वाटणी झालीय का, नसेल तर तुमचा हिस्सा किती? अमेरिकेच्या कायद्यात कर्जदाराची मालमत्ता ‘जगात कुठेही असली तरी’ मोजली जाते आणि अर्जावर शपथेवर सही करावी लागते. मी हक्कसोडीचं विचारलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. दोन वर्षांच्या आतलं असं हस्तांतर कोर्टानं नेमलेला विश्वस्त उलटवू शकतो. वर्षाच्या आतलं, धनकोंना फसवायच्या हेतूनं केलेलं असेल तर कर्जमुक्तीच नाकारली जाते. आणि मालमत्ता लपवणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. “ती जमीन कोरडवाहू आहे, तीन भावांची आहे, तुमच्या हिश्शाची किंमत सवलतीत, म्हणजे कर्जदाराकडेच राहू देतात त्या मालमत्तेच्या मर्यादेत, बसेल,” त्या म्हणाल्या. “सांगितलीत तर ती तुमचीच राहील.” न्यू जर्सीत राज्याची किंवा केंद्राची सवलतींची यादी निवडता येते. आम्ही भाड्याच्या घरात होतो, त्यामुळे घरासाठी असलेल्या केंद्रीय सवलतीचा न वापरलेला भाग बऱ्याच अंशी या जमिनीकडे आणि बायकोच्या सोन्याकडे वळवता आला.

मावसभावाचे पैसे मात्र खरी अडचण निघाली. बँकेला दिलेल्या हप्त्यांसाठी मागचे 90 दिवस तपासतात, नातेवाइकाला दिलेल्या पैशांसाठी पूर्ण वर्ष. सगळ्या धनकोंना समान वागवायचं, आपल्या माणसाला आधी द्यायचं नाही, हा त्यामागचा विचार. मला तो पचायला फार जड गेला. आपल्याकडे उलट आहे: बँक थांबेल, पण मावशीला तोंड दाखवायचंय. लगेच अर्ज केला तर विश्वस्त मावसभावाकडून 6,000 डॉलर परत मागू शकला असता. थांबलो आणि तेवढ्यात चांगली नोकरी लागली, तर मागच्या सहा महिन्यांच्या सरासरी मिळकतीची चाचणी आडवी आली असती आणि तीन ते पाच वर्षं हप्ते भरण्याचा चॅप्टर 13 पदरी पडला असता. वकीलबाईंनी दोन्ही बाजू कागदावर मांडल्या, निर्णय आमच्यावर सोडला. आम्ही आठ महिने थांबलो. त्या काळात त्यांनी दाव्यांच्या तारखा सांभाळल्या आणि एक गोष्ट चारचारदा बजावली: निवृत्तीच्या 401(के) खात्याला हात लावू नका. ते पैसे दिवाळखोरीतही सुरक्षित असतात, आणि घाबरलेली माणसं अर्जाच्या आधी तेच कार्डांवर ओतून मोकळी होतात.

त्यांची फी 1,500 डॉलर, सगळी अर्जाआधी, कारण अर्जाच्या दिवशी उरलेली वकिलाची फीसुद्धा इतर कर्जांसारखी पुसली जाऊ शकते. आम्ही ती त्या आठ महिन्यांत थोडी थोडी दिली. करार लेखी होता, आणि किती फी घेतली हे वकिलाला कोर्टाला कळवावंच लागतं. जास्त वाटली तर कोर्ट परत करायला लावतं. मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो, की सुनावणीला स्वतः कोण येणार ते आधी विचारा, आणि पहिल्या भेटीत ज्यानं तुम्हाला एकही अवघड प्रश्न विचारला नाही त्याच्याकडे परत जाऊ नका.

अर्ज दाखल झाला त्या दिवसापासून वसुलीचे फोन थांबले, दावे जागच्या जागी गोठले. पुढे विश्वस्तासमोर शपथेवर जबाब झाला. सात मिनिटं. भारतातल्या जमिनीबद्दल त्यांनी विचारलं, आम्ही दिलेला सातबारा आणि त्याचं भाषांतर त्यांच्यासमोर होतंच. त्यानंतर तीनेक महिन्यांनी कर्जमुक्तीचा आदेश आला. त्याची नोंद पतअहवालात दहा वर्षं राहते, आणि आठ वर्षं पुन्हा चॅप्टर 7 ची कर्जमुक्ती मिळत नाही.

म्हणून दादाला मी सांगतो, की ही माफी नव्हे. माफी सरसकट येते, निवडणुकीच्या आसपास येते आणि कुणालाच काही विचारत नाही. इथे मला माझा सगळा संसार शपथेवर उघडा करावा लागला.

पण त्याचंही एक म्हणणं मला खोडता येत नाही. “तुमच्याकडे दवाखान्याच्या बिलानं माणूस बुडतो, आणि बुडालोय हे सांगायलाही वकिलाला आधी पैसे लागतात,” तो म्हणतो. खरं आहे. वर कोर्टाची फी 338 डॉलर. ज्याच्याकडे वकिलापुरतेही नाहीत तो बऱ्याचदा तगाद्यांतच राहतो. अमेरिकेची ही बाजू मी कुणाला उचलायला सांगणार नाही.

आणि आपल्याकडे कायदा अगदी नाही असंही नाही. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे. पण तो आजवर फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता लागू झालाय, 1 डिसेंबर 2019 पासून. बाकीच्यांसाठी (मुंबई, कोलकाता, चेन्नई सोडून) 1920 चा नादारी कायदा, ज्यात अर्जासाठी कर्जाची किमान रक्कम 500 रुपये आहे. त्याही आधी, 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळल्यावर, 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. म्हणजे हा विचार आपल्या मातीला परका नाही. नव्या संहितेचा तो भाग सगळ्यांना लागू झाला तर अर्ज कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाईल. महाराष्ट्रात ती मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर एवढ्याच ठिकाणी आहेत. सांगोल्याच्या माणसानं पुण्याला किती खेपा घालायच्या? तालुका विधी सेवा समित्या आहेत, मोफत वकील देण्याची व्यवस्था 1987 च्या कायद्यानं झालेली आहे. कर्जात बुडालेल्या माणसाला तिथे दीड तास बसवून प्रश्न विचारणारा वकील मिळायला हवा, आणि ती तयारी कायदा लागू होण्याआधी व्हायला हवी असं मला वाटतं.

सातबारा मागायला मी फोन केला होता तेव्हा दादानं काही न विचारता उतारा पाठवला, पण नंतर वर्षभर त्याचं बोलणं तुटक झालं. पुढे गावी गेलो तेव्हा एका रात्री त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मला वाटलं, तू वाटणी मागतोयस.”

तो अजूनही कायद्याच्या विरोधात आहे. पण परवा त्याचा फोन आला. शेजारचा पोरगा चार लोन ॲपांमध्ये अडकलाय, वसुलीवाले त्याच्या सासरीसुद्धा फोन करतात. “तुझ्या त्या वकीलबाईंनी काय काय विचारलं होतं, ते मराठीत लिहून पाठव,” दादा म्हणाला. “उद्या त्याला घेऊन बसतो.” मी रात्री जागून लिहून काढलं. साडेतीन पानं झाली.