येऊरच्या सांबराची वाट

नेदरलँड्समधल्या हिल्व्हरसम या माझ्या गावाहून अ‍ॅमस्टरडॅमकडे जाणारी गाडी सुटल्यावर थोड्याच वेळात एका रुंद पुलाखालून जाते. हा पूल प्रामुख्याने रानातल्या जनावरांसाठी बांधलेला आहे. २००६ साली पूर्ण झालेला हा पूल सुमारे ८०० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद असून त्याच्या खाली रेल्वेमार्ग, मोटारींचा रस्ता आणि क्रीडासंकुल आहे, तर वर वाळू, गवत आणि झुडपे आहेत. गेल्या शरद ऋतूत एका पहाटे त्याच्या कडेच्या पायवाटेवरून चालताना मला रो जातीची एक हरिणी दिसली. खालून गाडी धडधडत गेली तशी तिने मान वर केली, दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना वळवले, क्षणभर थांबली आणि पुन्हा गवतात तोंड घातले. गाडीचा तिच्याशी काही संबंध नाही, हे तिला ठाऊक झाले होते.

त्या वेळी मला आठवला तो ठाण्यातला, जंगलाच्या कडेने जाणारा घोडबंदर रस्ता. माझे बालपण ठाण्याच्या वर्तकनगरात गेले आणि येऊरचा डोंगर आमच्या गच्चीतून रोज दिसत असे. आता दादा वाघबीळला राहतो, आणि आमचे फोनवरचे बोलणे हल्ली ठाणे–बोरिवली जुळ्या बोगद्यावर येऊन थांबते. ११.८ किलोमीटरचा हा मार्ग बहुतांश संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जाणार आहे. एक बाजू तोडल्या जाणाऱ्या झाडांचा हिशेब मांडते, दुसरी बाजू रोजच्या वाहतूक कोंडीत वाया जाणाऱ्या तासांचा. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. तरीही मला वाटते की या वादात मूळ प्रश्न बाजूलाच राहतो, कारण डोंगराच्या पोटातून जाणारी गाडी हरणाला अडवत नाही. त्याला अडवतो तो जमिनीवरचा, रात्रीही न थांबणारा रस्ता.

उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे, आणि आपण सगळे त्या आकड्याचीच राखण करत बसलो आहोत. उत्तरेला गायमुखच्या घाटात जंगल घोडबंदर रस्त्याला येऊन भिडते, त्यापलीकडे वसईची खाडी, खाडीपलीकडे दिवा–वसई रेल्वे आणि चिंचोटी–भिवंडी रस्ता ओलांडला की तुंगारेश्वर अभयारण्य, आणि त्याच्याही पुढे तानसा अभयारण्य. ही एकेकाळची सलग वाट आहे. ती तुटली तर १०४ चौरस किलोमीटरचे बेट उरेल, आणि बेटावरचे कळप पिढ्यान्‌पिढ्या आपापसांतच वाढतील.

सगळी हरणे यात सारखीच सापडतात असेही नाही. चितळाला गवत आणि जंगलाची उघडी कड मानवते, म्हणून माणसाच्या वावराजवळही तो कळपाने तग धरतो. सांबराला दाट झाडीचा उतार आणि जवळ पाणवठा लागतो; भेकर तर एकटे, झुडपांच्या आडोशाने फिरणारे. त्यामुळे बोरिवलीच्या बाजूला चितळ चरताना पाहून ‘जंगल ठीक आहे’ असे समजणे घाईचे आहे.

जगभरातल्या ५७ प्रजातींच्या सस्तन प्राण्यांना माग काढणारी यंत्रे बांधून केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाची छाप जिथे दाट, तिथे प्राण्यांचे फिरणे निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, असे त्यात दिसले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात माणसाच्या सान्निध्यात प्राणी अधिकाधिक निशाचर होत असल्याचे आढळले. मागच्या मे महिन्यात येऊरला गेलो असताना पाड्यावरच्या एका काकांनी मला हेच त्यांच्या शब्दांत सांगितले : “पूर्वी सांबर दिवेलागणीला पाण्यावर यायचं. आता बंगल्यांतली गाणी बंद झाली, दिवे विझले, की मग येतं. कधी कधी पहाट होते.” उन्हाळ्यातली अख्खी रात्र तहानेने थांबून काढणारे ते जनावर मला तेव्हापासून विसरता येत नाही. येऊरमधल्या रात्रीच्या गोंगाटाविरुद्ध लढणारे ठाणेकर स्वतःच्या झोपेइतकेच त्या पाणवठ्यासाठी लढत आहेत.

दादाचे म्हणणे ठरलेले : “तुमच्याकडे जागा आहे रे, आपल्याकडे कुठे?” हा समज मला दूर करावासा वाटतो. नेदरलँड्समध्ये दर चौरस किलोमीटरला ५०० हून अधिक माणसे राहतात. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ३६५. जागा नव्हती म्हणूनच इथे पूल बांधावे लागले, आणि ते काम १९८८ पासून चालू आहे.

मात्र इथलेही सगळे अनुकरणीय नाही. अ‍ॅमस्टरडॅमला पाणी पुरवणाऱ्या वाळूच्या टेकड्यांत फॅलो हरणे इतकी वाढली की रानफुलांची वाढ खुंटली, आणि २०१६ पासून ती गोळ्या घालून कमी करावी लागत आहेत. तिथे त्यांना खाणारे कोणी नाही. देशाच्या दुसऱ्या भागात लांडगा परतला, तर त्याच्यावरून केवढा गदारोळ उठला! ठाण्यात बिबट्या आहे, आणि इतक्या दाट वस्तीशेजारी तो टिकून आहे. त्याचे भक्ष्य रानातच राहावे, कुत्र्यांच्या मागे त्याला सोसायट्यांत उतरावे लागू नये, यासाठीही हरणांची वाट मोकळी हवी.

दूर युरोपकडे पाहण्याचीही गरज नाही. आपल्याच पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर जनावरांसाठी नऊ ठिकाणी खालून वाटा ठेवल्या आहेत. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत तिथून जाणारे चितळ आले आणि वाघही आले. नागपूरकडे जमले ते घोडबंदरला का जमू नये? गायमुखच्या घाटात रस्त्याचे काम निघेल तेव्हा कंत्राटाच्या पहिल्याच आराखड्यात गवताचा, झाडीचा एक रुंद पूल आणि दोन्ही बाजूंना जनावरांना त्याच्याकडे वळवणारे कुंपण असले पाहिजे. आधी रस्ता आणि मग कधीतरी पूल, हे महाग पडते आणि बहुधा होतच नाही. दादाला मी एवढेच सांगितले आहे की हरकती-सूचना मागवल्या जातील त्या दिवशी झाडांच्या संख्येखाली ही एक ओळ त्याने लिहावी. मीही इथून पाठवणार आहे.