मिग्रॅ म्हणजे मिली नव्हे ओ!

काल रात्री साडेदहाला ताईचा फोन. बाळाला ताप, डॉक्टरांनी पॅरासिटामॉल 120 मिग्रॅ लिहिलंय, "अरे पण बाटलीत तेवढं औषधच नाही, 120 मिली देऊ कुठून?" मी जुळे सोलापुरात मेडिकलच्या काउंटरवर उभा राहतो, घरातच हे ऐकायची वेळ आली. कुठून आलं विचारलं तर भिशीच्या ग्रुपवरचा मेसेज. त्यात म्हणे मिग्रॅ आणि मिली एकच, ड्रॉप्स आणि सिरप एकच, घरातला चमचा म्हणजे 5 मिली, आणि बाटली हलवायची काही गरज नाही.

पहिलं घ्या. मिग्रॅ म्हणजे औषधाचं वजन आणि मिली म्हणजे ते ज्यात कालवलंय त्या पातळ द्रवाचं माप. शेंगाचटणी वाटीनं मोजता येते, पण त्या वाटीत मीठ किती पडलंय ते कुटणारीलाच माहीत, आणि इथं कुटणारी म्हणजे बाटलीवरचं लेबल.

आता एक मान्य करतो, नाइलाजानं. सर्दीच्या सेटिरिझिन सिरपमध्ये 5 मिलीत 5 मिग्रॅ असतं, तिथं मिग्रॅ आणि मिली जुळतात, बहुतेक तिथूनच हे शहाणपण निघालं असावं. पण उलटीच्या ऑनडान्सेट्रॉन सिरपमध्ये 5 मिलीत फक्त 2 मिग्रॅ असतं, म्हणजे 2 मिग्रॅ लिहिलेलं असताना 2 मिली दिलं तर निम्म्याहून कमी औषध पोटात जाणार, आणि पोरगं उलट्या करतच राहणार.

ड्रॉप्स आणि सिरप एकच, ह्या मुद्द्यावर मात्र माझं डोकंच सटकलं. आमच्या एकाच फळीवर पॅरासिटामॉलचं सिरप 5 मिलीत 120 मिग्रॅवालं आहे, 250 वालं आहे, आणि शेजारी ड्रॉप्स, त्यात 1 मिलीतच 100 मिग्रॅ. लोकांना वाटतं बाळाचं म्हणजे पातळ असणार, पण ते उलट घट्ट असतं, बाळाला थोडक्यात पाजता यावं म्हणून. म्हणजे तेच 120 मिग्रॅ एकातनं 5 मिली, दुसऱ्यातनं 2.4 आणि ड्रॉप्समधनं 1.2 मिली. ड्रॉप्स 5 मिली पाजले तर 500 मिग्रॅ, चौपटीच्या वर, आणि जास्तीचं पॅरासिटामॉल थेट लिव्हरवर बसतं. अमेरिकेत ह्याच घोळापायी 2011 मध्ये कंपन्यांनी बाळांचे जास्त घट्ट ड्रॉप्स बंद करायचं ठरवलं आणि मुलांचं सगळं पातळ पॅरासिटामॉल 5 मिलीत 160 मिग्रॅ ह्या एकाच मापावर आणलं. तिकडं कंपन्यांना कळलं, इथं भिशीवाल्यांना कळंना.

चमच्याचं काय बोलायचं, आमच्याच घरात तीन मापाचे चहाचे चमचे आहेत. बाटलीसोबतचं झाकण नाहीतर सिरिंज वापरा. आणि सस्पेन्शन असेल तर औषध तळाला बसतं, हलवाच.

ताईला लेबलचा फोटो पाठवायला लावला. घरात ड्रॉप्सच होते. 120 मिली काही जमंना, म्हणून मागच्या वेळी सिरप 5 मिली देत होते तेवढंच देऊ, असं म्हणून तिनं चमचा भरून ठेवला होता.