गुलाबी कागदातला कार्बोरेटर

माझी 2004 सालची शंभर सीसीची गाडी दोन महिने पार्किंगमध्ये उभी राहिली आणि रुसली. चोक ओढला की सुरू, सोडला की बंद. गॅरेजवाल्या पोरानं हात न लावताच निदान केलं, "काका, कार्बोरेटरात कचरा आलाय." पाठोपाठ त्यानं मजुरी सांगितली आणि मी तत्काळ स्वावलंबी झालो.

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला पाजणारं यंत्र. त्यातला कचरा म्हणजे काय, ते खोलल्यावर कळलं. खालच्या वाटीतलं पेट्रोल उडून गेलं होतं आणि तळाला काकवीसारखा तपकिरी थर चिकटला होता. पायलट जेट, म्हणजे गाडी नुसती उभी असताना इंजिनला पेट्रोल पुरवणारी इवलीशी नळी, उजेडाकडे धरलं. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, आणि पलीकडे अमावस्या. (2020च्या एप्रिलपासून बीएस-6 हे धुराचे कडक नियम आले आणि नव्या गाड्यांमधून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपारच झाला, असं लेकीनं ऐकवलं. नवी गाडी घ्यायचा विषय ती असाच काढते.)

आता हे धुवायचं कशानं? मेव्हणा फोनवर म्हणाला, "पेट्रोलात बुडवा. कॉलेजात आम्ही हेच करायचो." त्याची डावी भुवई विरळ का, हे त्याच्या लग्नापासून पडलेलं कोडं पुढं अर्ध्या तासात सुटलं.

गॅलरीत पेपर पसरून मी डब्यात पेट्रोल ओतलं आणि आत आईनं देवापुढं निरांजन लावलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. वर उडून जायचं सोडून ती जमिनीलगत सरपटत उंबरा ओलांडते आणि ठिणगी शोधते. पेटण्याइतकी वाफ तर उणे चाळीस अंशांच्या आसपासही सुटते. आमची गॅलरी ते देवघर अंतर सहा पावलं. निरांजन विझव म्हणायची छाती नव्हती. डब्याला झाकण लावलं आणि चपला न घालता दोन मजले खाली गेलो. ती योजना तिथंच संपली.

आईला वास आला होताच. "चिंच लाव की, तांब्या कसा लख्ख निघतो!" जेट पितळेचं, ते निघालंही असतं. पण बाकीचा सांगाडा जस्त-ॲल्युमिनियमचा. आंबटात भिजत घातला की काळवंडतो, खड्डे पडतात. खालच्या काकांनी तर नळाचा चोकअप काढायची पावडर आणून दिली. त्यात कॉस्टिक सोडा. ॲल्युमिनियमवर पडला की फसफसतो, धातू खातो आणि वर हायड्रोजन सोडतो. म्हणजे पुन्हा निरांजन. मी आभार मानून पुडी परत केली.

मग रीतसर कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे आणला. त्याचं असं की फवारा एका भोकात मारावा आणि तो भलत्याच भोकातून थेट डोळ्यात यावा. म्हणून लेकीचा पोहायचा चष्मा लावून पार्किंगच्या मोकळ्या कोपऱ्यात बसलो. वॉचमननं विचारलं, "साहेब, टाकी साफ करताय?" चिकटा झकास सुटला. पण वाटीची रबरी रिंग काढून ठेवायला विसरलो होतो. ती त्या रसायनात अशी फुगली की खाचेत बसेना. रात्रभर वाऱ्यावर ठेवली तेव्हा सकाळी ताळ्यावर आली.

उरलेल्या मळाला रॉकेल. ते पेट्रोलसारखं चटकन पेट घेत नाही, त्याला 35-40 अंश तरी लागतात, असं वाचून निर्धास्त झालो आणि मग आठवलं की पुण्यात एप्रिल चालू आहे. पहाटे उठून, हातमोजे घालून, जुन्या टूथब्रशनं घासलं.

जेट मात्र बंदच. आईनं विजयी मुद्रेनं फळीवरून स्टोव्हची पिन काढली. स्टोव्ह जाऊन वीस वर्षं झाली, पिन आहे. ती घालायचा मोह भयंकर होता. पण पोलादानं पितळ ओरखडतं, भोक मोठं होतं, आणि मग गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. ब्रशचा एक केस घालून पाहिला. तो वाकला.

त्या दिवशी बायकोच्या बांगड्या साफ करायला सराफाकडे गेलो. कोमट साबणपाण्याच्या त्याच्या अल्ट्रासोनिक मशीनमधून काळे ढग निघत होते. मी खिशातून पिशवी काढली.

"सगळ्यात शेवटी, पाणी फेकायच्या आधी टाकतो," तो म्हणाला. "पेट्रोल-बिट्रोल नाही ना लागलेलं? मशीन तापतं हो."

"रॉकेल, मग साबण, मग पाणी," मी पाढे म्हटले.

पंधरा मिनिटांनी जेटमधून मला दुकानातली ट्यूबलाइट दिसली. गाडीही पुढं दुसऱ्या किकला लागली, चोक न ओढता. पण त्याआधी सराफानं कार्बोरेटर पुसला, हाताच्या सवयीनं काट्यावर ठेवला, वजन पुटपुटला आणि गुलाबी कागदात बांधून माझ्यासमोर केला.

दुकानाच्या पायरीवर बायको म्हणाली, "बावीस वर्षांत पहिल्यांदा सराफाकडून तुम्ही स्वतःहून काहीतरी बांधून घेतलंत."