गजर चारचा

जागृती हवीय ना? मग आधी मोबाइलला पहाटे चारचा गजर लावा, आवाज पूर्ण ठेवा आणि मोबाइल आईच्या खोलीत चार्जिंगला लावून झोपा. चारला घर उठेल. तुम्ही कूस बदला. सुरुवात कुणापासून झाली याला जागृतीत महत्त्व नसतं.

तसं आमच्या खानदेशात जागं राहायला साधना लागत नाही. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या पुढे सरकला की गच्चीवर पाणी मारून पडलेला माणूस रात्रभर जागृतच असतो. पण त्याच्याकडे शिबिराची पावती नसते, म्हणून ते कुणी धरत नाही. तेव्हा गुरू करायचा तर लांबचा करा. मुक्ताईनगरला एसटीनं जाऊन संध्याकाळच्या दुधाच्या वेळेला परत येता येतं, म्हणजे तिथं काही विशेष नसणारच. धुळ्याचंही तेच. १९३२ साली विनोबा तिथल्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे. श्रोते कैदी! पुढच्या रांगेचा वेगळा दर नाही, गळ्यात अडकवायला कार्ड नाही.

चांगदेवांकडून मात्र घेण्यासारखं आहे. तापी-पूर्णेच्या संगमावर त्यांचं देऊळ आहे, बाहेर गाडी लावून फोटो काढा. कथा अशी, की ते योगबळावर चौदाशे वर्षं जगले आणि ज्ञानेश्वरांना भेटायला वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन निघाले. एंट्री म्हणतात ती ही. आपण इथवरच थांबायचं. त्याआधी त्यांनी पाठवलेलं पत्र कोरं होतं, कारण ज्ञानेश्वरांना वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानानं मोठे म्हणून नमस्कार, हे त्यांचं चौदाशे वर्षांत ठरलं नव्हतं. ते पत्र बघून ‘एवढं जगून कोराच राहिला’ म्हणणारी मुक्ताई पुढे त्यांची गुरू झाली. हा भाग स्टेटसला टाकू नका. घरातल्या पोरी वाचतात.

आणि हो, खोलीला आतून कडी आहे ना ते बघून घ्या. ज्ञानेश्वर ताटी लावून बसले, तर हीच धाकटी बहीण बाहेरून ‘ताटी उघडा’ म्हणत राहिली होती.

आहार सात्त्विक हवा. थंडीत वांगी आली, कपाशीच्या काड्यांवर भाजली, हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचून भरीत झालं, की तुम्ही ताट दूर सारा. ‘तामसी’ एवढंच म्हणा, जास्त बोलू नका. मग घरात दोन भरितं होतील. एक जेवणाऱ्यांसाठी, एक तुमच्यासाठी बिनलसणाचं. दुसरं वांगं त्याच धगीजवळ बसून, डोळे चोळत, तीच बाई सोलेल. रात्री सगळे झोपल्यावर पहिल्या पातेल्यातलं दोन घास खायला हरकत नाही, अंधारात गुण-दोष दिसत नाहीत. (हे अनुभवानं सांगतोय.)

वैराग्यही येऊ द्या, पण ते वाटून वाटून वापरा. कपाशी वेचायला मजूर मिळेनात तेव्हा ‘मी कर्ता नाही’ हे तंतोतंत लागू पडतं. केळी विकून पट्टीचा पैसा आला, की भोक्ता कोण हा वेगळा अध्याय आहे. सगळी सृष्टी एकच आहे, मान्य. चुलतभावानं नांगरटीत खाल्लेला वीतभर बांध त्या सृष्टीत येत नाही. तारखेला जाताना कपाळाला गंध लावा, वकिलावर छाप पडते.

आता सगळ्यात अवघड साधना. ही चोपड्याकडच्या आमच्या घरी सिद्ध झालेली आहे. आठवडा शेतीला रात्रीची लाइट मिळण्याचा असतो. केळीला पाणी द्यायचंय. लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारा ऑटो बसवलेला आहे, पण व्होल्टेज कमी असलं की तो पकडत नाही, जाऊन बटण दाबावंच लागतं. धाकटा भाऊ दोनदा फेऱ्या मारून, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन, ओसरीवर तसाच आडवा झालेला असतो. तुम्ही पांढरे कपडे घालून चटईवर, पाठ ताठ. तेवढ्यात लाइट जाते आणि परत येते. म्हणजे मोटर बंद पडली.

आई दारात येते. आधी झोपलेल्याकडे बघते, मग तुमच्याकडे.

“तू जागाच शे ना, मंग मोटर चालू करी ये.”

हाच तो क्षण. डोळे उघडू नका. श्वास जरा लांबवा, म्हणजे समाधी खोल वाटेल. ती थोडा वेळ उभी राहील. मग ओसरीत चपला सरकवल्याचा आवाज येईल, कोपऱ्यातली काठी घेतल्याचा येईल, आणि मग ती फळीवर, दिवाणाखाली, मीटरच्या पेटीवर टॉर्च चाचपत राहील.

टॉर्च खिडकीत आहे. तुम्हीच ठेवलाय. मौन मोडू नका.