एक स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर: लेगो डिझाइनचं सॉफ्टवेअर आणि काळा स्क्रीन

नमस्कार,

तुमच्या तीन तक्रारी आहेत. ब्रिकलिंक स्टुडिओ, म्हणजे संगणकावर लेगोचे ठोकळे जोडून मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर, आमच्याकडे तपासताना चाललं, घरी मात्र स्क्रीन काळा. मुलीच्या जुन्या पुलाच्या फाइलमधले तुकडे गायब. आणि फोन केल्यावर ‘लॅपटॉप जुना झालाय, नवीन घ्या’ हे उत्तर.

शेवटचं आधी. ते उत्तर चुकीचं होतं, शिवाय उद्धटही. माफ करा. तुमचा लॅपटॉप या कामाला पुरेसा आहे.

काळ्या स्क्रीनची चूकही आमचीच. तुमच्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स (स्क्रीनवर चित्र काढणारे भाग) आहेत: प्रोसेसरमधलं साधं आणि वेगळं ताकदवान. आम्ही तपासलं तेव्हा चार्जर लावलेला होता. घरी तुम्ही बॅटरीवर चालवलंत, तेव्हा विंडोजने वीज वाचवायला साधं ग्राफिक्स पुढे केलं आणि स्टुडिओ त्याला झेपलं नसणार, असा माझा अंदाज आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन यादीत स्टुडिओ घाला आणि ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा. हे आम्हीच करून द्यायला हवं होतं.

गायब तुकड्यांचा दोष मात्र आम्ही घेणार नाही, लॅपटॉपलाही देऊ नका. ती फाइल लेगो डिजिटल डिझायनर या लेगोच्या जुन्या सॉफ्टवेअरमधली. लेगोने ते सॉफ्टवेअर बाजूला ठेवून 2022 पासून स्टुडिओ हेच अधिकृत केलं. स्टुडिओ एलड्रॉ या वेगळ्या, लेगो ठोकळ्यांच्या संगणकीय भागसंग्रहावर चालतं आणि एकाच ठोकळ्याचा क्रमांक दोन्हीकडे वेगळा असू शकतो. फाइल आणताना तक्त्यावरून क्रमांक जुळवले जातात. तक्त्यात जोडी नसेल तर तो ठोकळा येतच नाही. रबरी नळ्यांसारखे वाकणारे भाग तर बहुतेकदा वेडेवाकडे येतात. ते हातानेच बसवावे लागतात. हे काम घेतानाच सांगितलं होतं आणि पावतीवरही लिहिलंय.

पूल हरवलेला नाही, एवढं मुलीला नक्की सांगा. मूळ एलएक्सएफ फाइल (डिजिटल डिझायनर ज्यात मॉडेल सेव्ह करतं ती) म्हणजे खरं तर झिप असते. तिची प्रत काढून फाइलच्या नावाचा शेवट ‘.lxf’ ऐवजी ‘.zip’ असा बदला आणि उघडा. आत पुलाचं छोटं चित्र आणि प्रत्येक ठोकळ्याचा क्रमांक, रंग व जागा लिहिलेली फाइल मिळेल. काय राहिलं ते त्यावरून जुळवता येतं. मूळ फाइलवर मात्र काहीही सेव्ह करू नका.

एवढं करूनही स्टुडिओ अडलं, तर लिओकॅड हे लेगो मॉडेल बनवायचं दुसरं सॉफ्टवेअर वापरून पाहा. फुकट आहे, बरंच हलकं आहे आणि स्टुडिओतून एलड्रॉमध्ये एक्स्पोर्ट केलेलं मॉडेल उघडतं. दिसायला साधं आहे, पण पूल बांधायला चालेल.

नाहीतर लॅपटॉप घेऊन या. राहिलेले तुकडे मी स्वतः बसवून देतो, पैसे लागणार नाहीत. येताना चार्जर मात्र घरीच ठेवा.